वाघानं दिलेलं कातडं

फट् झालं आणि धोंडुबाईच्या हातातला डफ मधोमध उलला. दमट हवेनं ढिला पडला म्हणून शाळेत गाणी शिकवायला येणाऱ्या दस्तगीरचाचांनी तो तिच्याकडं शेकायला दिलेला. खिचडी उतू जाते की काय म्हणून ती जरा वळली, तेवढ्यात जाळानं डाव साधला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेची खिचडी ढवळता ढवळता तिनं दर शुक्रवारी दस्तगीरचाचांची हकीकत ऐकलेली. त्यांचे पणजोबा राधानगरीच्या रानात रिवायत, म्हणजे मोहरमातलं करबल्याच्या तहानेचं गाणं, म्हणत बसलेले. वाघ आला, ऐकून ढसाढसा रडला आणि तोंडातला बोकड त्यांच्या पायाशी ठेवून गेला. त्याच बोकडाचं हे कातडं. त्याला जो इजा करील, त्याची वाचा जाईल.

धोंडुबाईनं हळूच ‘अगं आई’ म्हणून पाहिलं. आवाज घोगरा आला. म्हणजे सुरुवात झालीच म्हणायची. त्यात चाचा रुसून मुरगूडला परत गेले, तर पोरांना ही गाणी शिकवणारं पंचक्रोशीत दुसरं होतं कोण?

चाचा स्वयंपाकखोलीच्या दारात उभे राहिले. तिनं पदराखालचा डफ मुकाट्यानं पुढं केला.

चाचांचाच चेहरा उतरला. त्यांनी आधी दार लोटलं.

“पोरांनी बघितलं का?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. चाचांनी थैलीतून हुबेहूब तसाच दुसरा डफ काढला.

“हा सहावा,” ते कुजबुजले. “कातडं कागलच्या बाजारातलं.”

“आन् वाघ?” धोंडुबाईचा आवाज एकदम ठणठणीत फुटला.

“हळू बोल, आक्का. नुसतं गाणं शिकवतो म्हटलं, तवा तीन पोरं आलती. वाघ आणला, चाळीस बसली. वाघ गेला तर गाणं बी गेलं की.”

दार ढकलून चौथीतली अनुजा आत आली.

“आजी, फट् वाजलं ते काय? चाचांचा डफ फुटला व्हय?”

चाचांनी फुटका डफ झटकन पाठीमागं लपवला.

“फुटतोय कशाचा?” चुलीत लाकूड सारत धोंडुबाई म्हणाली. “वाघाची देणगी हाय ती. शेकताना आत गुरगुरत हुतं. म्हटलं, गप बस, खिचडी हुंदे.”

अनुजा डोळे विस्फारून वर्गाकडं पळाली. तिच्या मागोमाग चाचा निघाले आणि उंबऱ्यात थबकले. धोंडुबाईची पाठ आहे हे बघून त्यांनी डफ हळूच कानाशी नेला.