दोन वीत माती

१९४०च्या फेब्रुवारीत एद्लाने भांडून मुलाला, तौनोला, गावी आणवलं. फिनलंडात रीतच तशी होती. रशियनांशी लढताना पोरगा पडला की त्याला रणात पुरायचं नाही, शवपेटी त्याच्या गावच्या चर्चला पाठवायची. तौनोची बायको सायमी मात्र म्हणाली होती, "माझ्या माहेरी नेऊ या. पश्चिमेला आहे, तिथं लढाई पोचायची नाही."

"माहेरी? घरजावई होता का तो?" एद्ला कडाडली. "त्याच्या सात पिढ्या इथं निजल्यात. तोही इथंच निजेल."

सायमीने माहेरचं नाव सोडलं. एद्लापुढे पाद्रीचंही काही चालायचं नाही.

मार्चच्या तेरा तारखेला भर दुपारी रेडिओने तह झाल्याचं सांगितलं. शेजारणीने देवाचे आभार मानले ते फुकटच, कारण मागोमाग अटी आल्या. सरहद्द सरकली होती. शेतं, तळं, चर्च, सगळं रशियाचं झालं.

"पण ते इथवर आलेच कुठे?" एद्ला म्हणाली. "न जिंकलेलं घर कोण देतं?"

"वर बसलेले देतात," म्हातारा हेरमन्नी म्हणाला. गावच्या कबरी तोच खोदायचा. "बर्लिन आणि मॉस्कोने आपल्याला मागेच वाटून घेतलं होतं म्हणतात."

"घर आमचं, वाटणी त्यांची, आणि आम्हाला साधं बोलावणंही नाही. चांगले सोयरे!"

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव रिकामं करायचं होतं. बायका गायी हाकत होत्या, भांडीकुंडी बांधत होत्या. एद्लाने साधा चमचाही उचलला नाही. कुदळ घेतली आणि चर्चकडे निघाली.

"एद्ला, वेडी की काय?" हेरमन्नी म्हणाला. "पुरताना खणायला तीन गड्यांना दोन दिवस लागले होते. माती परत गोठून दगड झालीय."

"लाकडं दे. त्याला रशियात टाकून जायची नाही मी. शहाणपण तुझ्याकडेच ठेव."

मुलाच्या कबरीवर तिने ओंडके रचून पेटवले, वर पत्रा टाकला. दोन-तीन तासांनी वीतभर माती भिजट झाली. ती उकरायची, पुन्हा जाळ करायचा. थोड्या वेळाने सायमी न बोलावता आली आणि फावडं घेऊन शेजारी उभी राहिली.

"तुझ्या माहेरची माती कशी गं?" दुसऱ्या दिवशी एद्लाने खाली बघतच विचारलं.

"वाळूची. हिवाळ्यातही बरी खणता येते."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर एद्लाला उत्तर देता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी मांडीपर्यंत खाली होत्या. हेरमन्नीने लोखंडी पहार ठोकून पाहिली. "अजून दोन वीत. मग झाकण."

तेवढ्यात लष्कराचा सार्जंट आला. "आजी, शेवटची गाडी निघतेय. तासाभरात रस्ता बंद."

"कर बंद. मी नाही येत."

"तुमची सूनही नाही म्हणते."

एद्लाने मान वळवली. सायमी खणतच होती. फावड्याचा दांडा तिच्या रक्ताने काळपट झाला होता. एक मूल गेलं होतं. दुसरं, ही परक्याची लेक, एद्लाच्याच हट्टाने जायच्या बेतात होतं.

"सायमी, फावडं टाक."

"दोनच वीत राहिलंय, सासूबाई."

"टाक म्हणते ना!"

मग खड्डा तरी बुजवावा म्हणून एद्ला काठावरच्या ढिगाकडे वळली. उकरलेली माती एवढ्या वेळात गोठून एकजीव झाली होती. तिने कुदळ घातली, ठिणगी उडाली. पुन्हा घातली. मूठभर चुरा खड्ड्यात पडला. आयुष्यात कुणाच्या घराचं दार उघडं टाकून ती निघाली नव्हती.

रस्त्यावरून भोंगा वाजला.

"तुम्ही व्हा पुढे," हेरमन्नी म्हणाला. "मी बुजवून येतो."

त्यालाही त्याच गाडीत बसायचं होतं. खोटं बोलणाऱ्याला एद्लाने आजवर तोंडावर सुनावल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि सायमीचा हात धरून चालू लागली.