गुलाबी विषाचा हिशेब

एक्क्याण्णव साली भाईंदरभर काविळीची साथ होती, आणि जवळच्या मुर्धे गावात दत्ताराम म्हात्र्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे उतरलेले महाराज काविळीचं विष डोळ्यांदेखत काढत. रोग्याच्या हातांना भस्म चोळायचं, हात काचेच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवायचे, की पाणी गुलाबी. मग तीर्थाची धार. रंग गेला, विष जळालं. जितकं तीर्थ तितकी कावीळ, असं माप कुठल्या डॉक्टरकडे असतं, असं महाराज विचारत आणि माना डोलत.

डोलणाऱ्यांत सुभाष कर्णिकही होते. गिरगावातून भाईंदरला आलेले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. डॉक्टरांच्या उपचारानंतरही आठवडाभर बायकोचे, हंसाचे, डोळे पिवळेच राहिले, तेव्हा सरांनी एम.एस्सी. घरी ठेवली आणि तिला रिक्षात घातलं. पहिल्या खेपेला वाटीभर तीर्थ लागलं, दुसऱ्या खेपेला अर्धी. अर्धी कावीळ गेली म्हणून सरांनी खुशीत नारळ वाढवला आणि रक्ततपासणी रद्द केली. चार दिवसांत हंसा असंबद्ध बोलू लागली. हॉस्पिटलात ती वाचली, पण थोडक्यात.

ती सावरल्यावर सर प्रॅक्टिकल घ्यायला गेले. कृतिका नावाची विद्यार्थिनी नळीतून आम्ल सोडत होती. एका थेंबासरशी फ्लास्कमधला गुलाबी रंग गेला. तिने हिशेब सांगितला: मोलॅरिटी गुणिले लिटरमधलं आकारमान, म्हणजे मोल. सर फ्लास्ककडे बघतच राहिले. जो खेळ ते दरवर्षी वर्गाला करून दाखवत, त्यालाच मुर्ध्यात वाकून नमस्कार करून आले होते.

महाराजांनी घरी न्यायला दिलेलं तीर्थ त्यांनी तपासलं. पातळ केलेलं व्हिनेगर निघालं, ०.२ मोलर.

रविवारी त्यांनी म्हात्र्यांच्या अंगणात, महाराजांच्याच भांड्यातल्या पाण्यात, ०.१ मोलर कॉस्टिक सोडा वीस मिलिलिटर ओतला. कोणी हात न बुडवता पाणी गुलाबी झालं.

"०.१ गुणिले ०.०२ लिटर, म्हणजे ०.००२ मोल," सर म्हणाले. "तेवढेच मोल तीर्थातून यायला हवेत. तीर्थ ०.२ मोलर आहे, म्हणजे दहा मिलिलिटर पुरेल. दत्ताराम, तुम्हीच ओता."

दत्तारामने मोजनळीतून थेंब थेंब सोडलं. दहाच्या खुणेशी रंग गेला.

"मंग इख न्हाय हाय?" त्याने विषाबद्दल विचारलं.

पाण्यात चुन्याने गुलाबी होणारं औषध, भस्म म्हणजे चुना, तीर्थ म्हणजे तो रंग घालवणारं व्हिनेगर, आणि दुसऱ्या खेपेला चुना कमी चोळायचा, असं सरांनी उलगडून सांगितलं. महाराज देवाच्या कोपाविषयी बोलू लागले. दत्तारामने त्यांची पिशवी उचलून फाटकाबाहेर ठेवली.

मागून कोणीतरी विचारलं, सर, तुम्ही तर केमिस्ट्रीवाले, तुम्ही कसे फसलात?

सरांचे कान तापले. "घाबरलो होतो. वर्गाला रोज मोजायला सांगतो, आणि माझी वेळ आली तेव्हा हात जोडले," ते म्हणाले. "ते माप चुन्याचं होतं. काविळीचं माप रक्तात असतं. घाबरा खुशाल, पण पेशंटला आधी डॉक्टरकडे न्या."

रांगेत बसलेली, शेजारच्या राई गावची पुष्पलता भस्म लावलेल्या लेकीचे हात पदराने पुसत उठली आणि रिक्षा कुठे मिळेल ते विचारू लागली.