अर्ध्या पोटी निघालेली बॅटरी

मी बोलतेय ती बर्फगाडीच्या पोटातून नव्हे, घरातल्या खिडकीशेजारच्या फळीवरून. मी एक बॅटरी. काळी, चौकोनी, माथ्यावर दोन कान असलेली. आता माझ्यामागे काम थोडं आहे, म्हणून बोलायला सवड मिळाली.

दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, तोही कोरडाच. पोटात शिशाच्या पट्ट्या होत्या, पण आम्लाचा थेंब नव्हता. आम्ल माझ्याच खोक्यात, वेगळ्या बाटलीत. कुडी इकडे आणि जीव शेजारी, अशी मी वर्षातल्या शेवटच्या जहाजातून या उत्तरेच्या इनुइट गावात उतरले. सोबत पिठाची पोती होती, चहाचे डबे होते आणि एक नवीकोरी बर्फगाडी होती. तिच्यासाठीच मी आले होते.

गाडी मियालियाची. तिचा नवरा समुद्रावरच्या बर्फात गेला तो परतलाच नाही. बर्फ फाटला, एवढंच गाव सांगतं आणि गप्प होतं. त्यानंतरचे हिवाळे तिच्या दारात माणसं मांस ठेवून जात. कुणी सीलचा तुकडा, कुणी कॅरिबू हरणाची मांडी. आमच्याकडे याला दान म्हणत नाहीत, वाटा म्हणतात. तो मागावा लागत नाही, त्याचे आभारही मानावे लागत नाहीत. तरी मियालियाला आत कुठेतरी टोचायचं. घेण्याची तिला लाज नव्हती. तिला एकदा द्यायचं होतं. आपल्या हाताने काहीतरी आणून लोकांच्या दारात ठेवायचं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून तिने गाडी घेतली ती एवढ्यासाठीच.

मला जिवंत केलं आलासुआने. सत्तरी ओलांडलेला, गावातली सगळी यंत्रं हाताखालून गेलेला म्हातारा. तो मियालियाला "आई" म्हणतो आणि ती त्याला "पोरा". याचं मला आधी नवल वाटलं. पण इथली रीतच तशी. त्याची आई वारली त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हणून आईचं नाव हिला दिलं. नावाबरोबर माणूसही येतं, असं ही माणसं मानतात. मग जिच्यात आपली आई आलीय तिला रागवायचं कसं, तिचा शब्द मोडायचा कसा? आलासुआने तो कधी मोडला नव्हता.

पडवीत बसून त्याने माझ्या पोटात आम्ल ओतलं. अंग गरम झालं, आतून बुडबुडे उठले. मला शांत होऊ देऊन त्याने तोंडं घट्ट बंद केली, माझ्या कानांना चार्जरच्या तारा लावल्या आणि मंद, अगदी मंद वीज सोडली. नव्या बॅटरीची पहिली भरणी हे एक व्रतच असतं. ते सावकाश करायचं आणि मध्ये मोडायचं नाही. ते पुरं झालं तर बॅटरी जन्मभर पूर्ण ताकदीने राबते. मोडलं तर पुढे कितीही पाजा, तिचं पोट लहानच राहतं.

मियालिया दर थोड्या वेळाने दार उघडून बघत होती.

"किती वेळ अजून, पोरा?"

"उद्या दुपारपर्यंत, आई. पुरी भरल्याचा हिरवा दिवा लागू दे."

"उद्या? अरे, बाहेर बघ कसं स्वच्छ आहे. सगळं गाव गाड्या घेऊन बाहेर पडलंय. माझीच तेवढी दारात उभी."

"पहिल्यांदा सावकाशच भरावी लागते."

"पिवळा लागलाय ना? हिरवा वाटेत लागेल. काढ त्या तारा."

आलासुआने माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने तारा काढल्या.

त्याची बायको कुमाक कोपऱ्यात बूट शिवत बसली होती. दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, "काढल्या बघा लगेच. मी चहाचा कप उचल म्हटलं की याला ऐकू येत नाही."

"तू माझी आई नाहीस."

"देवाने वाचवलं मला."

"सूनबाई, नवऱ्याला उलटून बोलू नये," मियालिया हसत म्हणाली.

"बघा हो. हिला जन्मताना याच हातांनी धरली, नाळ मी कापली, आणि आज ही माझी सासू."

सगळी हसली. मी मात्र अर्ध्या पोटी गाडीत जाऊन बसले.

पुढे टपालाने एकेक खोकं येऊ लागलं. नव्या गाडीला काय करू आणि काय नको, असं माणसाला होतंच. मोठा दिवा आला. सीट गरम करणारी गादी आली. फोन भरायची खोबण आली. आलासुआ एकेक वस्तू हातात फिरवून बघायचा.

"आई, या गाडीला ओढून चालू करायची दोरी नाही. नुसत्या बटणावर चालू होते. आधी दोरी बसवून घेतलीस तर?"

"दोरी ओढायला मी काय जुन्या काळातली आहे?"

"माझी आई आहेस. माझ्याहून जुनीच."

"मग आईचं ऐक. दिवा लाव."

त्याने दिवा लावला, गादीही लावली. दोन्हींच्या तारा थेट माझ्याच कानांना. नवी सून घरात आल्यावर हळूहळू सगळं घर तिच्यावर पडतं, तसं माझं झालं. तक्रार नाही. राबण्यासाठीच तर जन्म. पण पोटात काय आहे, हे कुणी विचारलं नाही.

हिवाळाभर मियालिया गाडी दुकानापर्यंत न्यायची, शाळेपर्यंत न्यायची. चालू करताना माझ्यातलं बरंच जायचं आणि एवढ्याशा वाटेत ते भरून यायचं नाही. रविवारी प्रार्थनाघराबाहेर आम्ही साऱ्या गाड्या ओळीने थंडीत उभ्या असायचो. आतून भजनाचे सूर यायचे. मीही माझ्या परीने म्हणायचे, देवा, हिला एकदा तरी मनासारखं देऊ दे. तोवर माझ्यात धग ठेव.

वसंतात दिवस लांबले तशी मियालिया एकटीच टेकड्यांपलीकडच्या तळ्यावर निघाली. तिथे बर्फाखाली 'चार' जातीचे मासे असतात, लाल मांसाचे. एवढ्या लांबच्या वाटेने मला जरा बरं वाटलं. तिने तंबू ठोकला, बर्फाला भोक पाडलं आणि गळ सोडून बसली. दुपारपर्यंत पहिला मासा वर आला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून धरला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग दुसरा आला, तिसरा आला. त्या भरात गाडी बंद करूनही सीटची गादी चालूच राहिली, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या ध्यानात येत होतं. मी कुणाला सांगणार?

वारा वाढला. किनाऱ्याकडचं आभाळ काळवंडलं. वसंतातल्या वाऱ्याने खाडीवरचा बर्फ फाटतो आणि गावाकडची वाट तुटते. हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? तिने भराभर मासे मागे जोडलेल्या घसरगाडीवर बांधले आणि बटण दाबलं. मी सगळा जीव एकवटला. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा दाबलं. नुसती टिकटिक. फोनला टेकड्यांपलीकडे कुणी ऐकणारं नव्हतं. ओढायला दोरी नव्हती.

मला स्वतःची भीती नव्हती असं नाही. रिकामी बॅटरी थंडीत गोठते, गोठली की फुटते. पण त्या वेळी मला तिच्यासाठीच जास्त भीती वाटली.

तिने झाकण उघडून मला हात लावला. तिचा हात थांबला. गार पडलेल्या तान्ह्या पोराच्या पायाला लावावा तसा तिने तो तिथेच ठेवला. मग तिने दिव्याची आणि गादीची तार उपटून टाकली, मला सोडवलं, शालीत गुंडाळलं आणि तंबूत नेलं. अंगात तिच्या अमाउती होता. तान्हं मूल पाठीवर वागवायचा, मागे मोठी झोळी असलेला बायकांचा अंगरखा. त्या झोळीत तिने मला घातलं. स्टोव्ह पेटवून ती मला पाठीवर घेऊन बसली आणि नकळत पुढेमागे डोलू लागली. काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना होती की अंगाई, ते कळलं नाही. तिच्या पाठीची ऊब माझ्या भिंतींतून आत येत राहिली. आयुष्यात मला इतकं कुणी जपलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने मला पुन्हा जागेवर बसवलं. बटणावर बोट ठेवून डोळे मिटले. माझ्यात एकदाच पुरेल एवढं काही जागं झालं होतं. ते मी सगळं देऊन टाकलं. इंजिन पेटलं.

खाडीवर बर्फाला भेगा पडत होत्या, पण वाट अजून जुळून होती. किनाऱ्यावर आलासुआ गाडी चालू ठेवून उभा होता. तिला शोधायला निघायच्या बेतात. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

रीतीप्रमाणे माणसाची पहिली शिकार त्याला जन्मताना ज्या हातांनी धरलं त्या हातांत जाते. पहिला मासा कुमाकच्या दारात गेला. कुमाक एकही थट्टा न करता तो छातीशी धरून उभी राहिली. बाकीचे घरोघर गेले. मियालियाने स्वतःसाठी एकही ठेवला नाही, आणि तिचा चेहरा मी असा भरलेला कधी पाहिला नव्हता.

मग पडवीत ती आलासुआसमोर बसली.

"पोरा, ही पुरी भरली नव्हती, हे तुला माहीत होतं."

"होतं."

"दोरी हवी, हेही माहीत होतं."

"होतं, आई."

"मग मला अडवलं का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "आईला नाही कसं म्हणायचं? मला कधी जमलंच नाही. आजही किनाऱ्यावर उभा होतो तेव्हा वाटलं, दुसऱ्यांदा आई घालवली."

 मियालियाने त्याचा सुरकुतलेला हात हातात घेतला. "ऐक. आई म्हणून सांगते, आणि हे तुला पाळावं लागेल. या गाडीच्या बाबतीत जिथे नाही म्हणायचं, तिथे मला नाही म्हणायचं."

"आई..."

"शब्द मोडशील माझा?"

म्हाताऱ्याने डोळे पुसले. मान हलवली.

त्यानंतर दोरी बसली. मी आणखी दोन हिवाळे राबले, पण लहान राहिलेलं पोट मोठं झालं नाही. आता मी फळीवर बसून कुमाकच्या शिवणाजवळचा बारकासा दिवा तेवढा पेटवते. मला खंत नाही. बाई, दादा, तुम्ही कुणी असाल, तुमच्याकडे नवी कुणी आली, गाडीत किंवा घरात, तर कामाला जुंपण्याआधी तिचं पोट पुरतं भरू द्या. एवढंच मागणं.

आज माझ्या जागी जाणारी नवी बॅटरी पडवीत भरतेय. बाहेर स्वच्छ ऊन आहे. मियालिया दारात बूट घालून उभी आहे.

"पोरा, पिवळा लागलाय. निघू का?"

आलासुआने तोंड उघडलं, मिटलं. जमिनीकडे बघितलं. मग अगदी हळू, पण ऐकू येईल असं म्हणाला, "नाही, आई."

मियालिया खाली बसली आणि बूट काढू लागली.