साडेबाराची सावली

चांगुणाचे आकडे चुकले होते, निदान तिला तसं वाटत होतं. मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एक स्वाध्याय होता: मीटरभर काठी उभी रोवा, दर पाच मिनिटांनी सावली मोजा, ती सर्वांत आखूड कधी होते ते लिहा. बेलापूरच्या अंगणात तिने एप्रिलच्या उन्हात तीन दिवस मोजलं. बाराला एकवीस सेंटिमीटर आणि साडेबाराला सतरा! सूर्य तर बाराला डोक्यावर येतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"तुझ्या गिऱ्हाइकांच्या झंपरावानी सूर्यबी उशिराच यायला लागला व्हय!" नवरा कचरू तिच्या शिलाई मशीनकडे बघत हसला.

विचारायचं कुणाला? स्वाध्याय एकटीनेच करायचा, विचारलं की ती कॉपी, अशी तिची पक्की समजूत. गावात हा कोर्स करणारं दुसरं कुणी नव्हतंच. सातवीनंतर बारा वर्षांनी वही उघडली आणि पहिल्याच मोजणीत तोंडावर आपटली. रविवारी ती जिल्ह्याच्या ठिकाणी, सावेडीच्या अभ्यासकेंद्रावर गेली, ती नाव काढून घ्यायला.

वर्गात नऊ जण होते. शिकवणाऱ्या माधुरीबाई एकेकाला सर्वांत आखूड सावलीची वेळ विचारत होत्या.

"बारा." "बारा." "बाराच की."

मागच्या बाकावरचा चाळिशीचा माणूस उठला. "भीमराज. कर्जतचा, गवंडी हाय. साडेबारा."

वर्ग फिदीफिदी हसला. "दादा, घड्याळाला चावी द्या!"

"घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावलंय. काठी ओळंब्यानं उभी केली, तसूभर कलायची न्हाई. तुमी मोजली, का बाकीच्यांचं ऐकून लिवलं?"

चांगुणा कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. "माझंबी साडेबाराच! तीन दिवस! बेलापुरात!"

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. बाराला दहा कमी होते. "चला बाहेर!"

अंगणात काठी रोवली, खडूच्या खुणा पडू लागल्या. बारा वाजले. सव्वाबारा. हसणारे आता उकिडवे बसून ओरडत होते, "अजून कमी होतीया!" साडेबारानंतर सावली परत वाढू लागली, तशी एकच टाळी पडली.

"देशाचं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशावर चालतं," बाई म्हणाल्या. "आपण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश. एका अंशाला चार मिनिटं."

चांगुणाने बोटांवर गुणाकार केला: आठ चोक बत्तीस. "मग कर्जत आमच्या पूर्वेला. त्यांची मध्यान्ह आधी?"

"मिनिटभर."

"मिनिट काठीनं कसं घावणार?"

"घावंल," भीमराज म्हणाला. "अकराला सावलीच्या टोकावर खूण करायची. दुपारी सावली पुन्हा तेवढीच लांब झाली की येळ लिवायची. दोन्ही येळांच्या मधली ती मध्यान्ह. बुधवारी तुमी बेलापुरात मोजा ताई, मी कर्जतात."

"बाई, ही कॉपी न्हाई ना हुनार?"

"दोन गावांचा सूर्य एका वहीतून कसा उतरवाल?"

चांगुणाने वहीचं पान फाडलं, भीमराजला वेळ कळवता यावी म्हणून पत्ता लिहिला आणि खाली ठळक अक्षरांत, आज रद्द करायला निघालेला, आपला नोंदणी क्रमांकही टाकला.