डब्यांच्या कपाटातली कॅसेट

दोष भय्यासाहेबांचा. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण उज्जैनच्या आपल्या मराठी मंडळींत मोठ्या माणसाचा दोष सर्वांत शेवटी आणि तोही आवाज खाली घेऊन सांगायची पद्धत आहे. मला ती पद्धत कुणी शिकवली नाही. मी लोखंडाचा आहे.

मी कपाट बोलतोय. कपड्यांचं नाही, दागिन्यांचं तर नाहीच. ओळीने लहान लहान खण, प्रत्येक खणाला स्वतःचं दार आणि स्वतःचं कुलूप. माझा जन्म एका कापड मिलच्या वर्कशॉपमध्ये झाला, कामगारांचे डबे ठेवायला. कुणाच्या डब्यात लसणाची चटणी, कुणाच्यात दाल-बाफले. दुपारचा भोंगा वाजला की माझी सगळी दारं एकदम उघडायची आणि तो वास असा सुटायचा की सुपरवायझरसुद्धा उगाच या बाजूने चक्कर मारायचे.

कुलपं बरीच असली तरी चावी मात्र एकच, सगळ्यांना चालणारी. मला बनवणारा फिटर म्हणाला होता, "एकही चाबी रखो. जिसको चोरी करनी है, वो ताला देखके रुकेगा क्या?" एवढी शहाणी गोष्ट त्यानंतर मी कुठल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकली नाही.

मग मिल बंद पडली. साहेबलोक म्हणाले, थोडे दिवस थांबा. कामगार थांबले, मीही थांबलो. एका खणात कुणाचा तरी डबा राहून गेला होता, तो न्यायला कुणी आलं नाही. शेवटी लिलाव झाला आणि सिंहस्थाच्या वर्षी आल्हादने मला भंगाराच्या भावात उचललं.

आल्हाद म्हणजे भय्यासाहेबांचा मुलगा. बी.कॉम. अर्ध्यात सोडलेला. भय्यासाहेब बँकेत अधिकारी होते, आणि त्यांच्या हिशेबी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या: बँकेत लागलेले आणि न लागलेले. पोरगा दुसऱ्या जातीत गेला. त्याने फ्रीगंजात, टावर चौकाच्या जवळ, एक पत्र्याची गुमटी टाकली. सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने द्यायला.

तशी दुकानं बाजारात होतीच. पण तिथे अनामत ठेवा, ओळख आणा, आणि काउंटरमागचा माणूस तुम्ही कुठला सिनेमा नेताय ते बघून गालात हसणार. दुपारी बंद, सणाला बंद. आल्हादने डोकं चालवलं. मला गुमटीच्या बाहेरच्या बाजूला बोल्टने पक्कं बसवलं. प्रत्येक दारावर सिनेमाचं नाव चिकटवलं, आत कॅसेट. जो मेंबर होईल त्याला एक चावी आणि नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला. मिलमधले ते बिल्लेही माझ्याबरोबरच आले होते. दार उघडा, कॅसेट घ्या, तिच्या जागी आपला बिल्ला ठेवा. परत आणलीत की कॅसेट आत, बिल्ला खिशात. आल्हाद असो नसो, गुमटी उघडी असो की बंद, सिनेमा मिळणार. कुणाला तोंड दाखवायला नको.

लोकांना हे फार आवडलं. तोंड दाखवायला नको, हे तर सगळ्यांत जास्त.

आणि तोंड दाखवायचं नसलं की माणसं कशी वागतात, ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. कॅसेट कधी मागे फिरवून आणायचे नाहीत. पुढचा माणूस लावणार तर एकदम क्लायमॅक्स, व्हिलन मेलेला. विनोदी सिनेमाच्या खणात रडका सिनेमा ठेवून जायचे. एकाने कॅसेटच्या जागी नुसतं खोकं ठेवलं, वजन जुळावं म्हणून आत साबणाची वडी. शेजारच्या गल्लीतला विलास तर रोज यायचा आणि रोज तक्रार करायचा.

"यार आल्हाद, कालच्या सिनेमात इंटरवलनंतर नुसत्या मुंग्या. हिरोईन दिसलीच नाही."

"तुझं नशीबच तसं आहे, विलास. त्यात कॅसेट काय करणार?"

असे दिवस होते. संध्याकाळी चौकात पोह्यांच्या गाड्या, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर मॅच, आणि माझ्यासमोर चाव्या हातात घेऊन उभी माणसं, "तू हा घे, मी तो घेतो, उद्या बदलू" करत. मिल बंद पडल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की आपण अजून कामाचे आहोत.

भय्यासाहेब आले ते पहिल्याच दिवशी आले, स्कूटरवरून खाली न उतरता.

"पानाची टपरी टाकली असतीस तर निदान कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं," ते म्हणाले. "हे काय सांगू? मुलगा डब्याच्या कपाटातून नाचगाणी विकतो?"

"भाड्याने देतो, बाबा. विकत नाही."

"आमच्या बँकेतल्या श्रीपादचा मुलगा प्रोबेशनरी ऑफिसर झाला."

"मग त्याला सांगा तुमचा मुलगा व्हायला."

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. एकाच घरात, नानाखेड्याच्या एकाच कॉलनीत, एकाच टेबलावर जेवून बंद. मोठी माणसं अबोला धरतात तेव्हा त्याला तत्त्व म्हणतात. पोरांनी धरला तर उर्मटपणा.

आल्हादची आई, वासंतीबाई, मात्र यायच्या. देवळात जाते असं सांगून नाही, गुमटीवर जाते असं सांगून यायच्या. भय्यासाहेबांची थोरली बहीण अक्का त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "वासंती, लोक काय म्हणतील?" यांचं उत्तर ठरलेलं, "पोरगा जेवला का, एवढं कुणी म्हणत नाही. बाकी सगळं म्हणतात."

आणि येताना त्या डबा आणायच्या. आल्हाद गिऱ्हाइकात असला तर माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या खणात ठेवून जायच्या. तो खण आल्हादने त्यासाठीच मोकळा ठेवला होता. डबा! माझ्यात! पहिल्या दिवशी अळूची भाजी होती. किती वर्षांनी माझ्या पत्र्याला अन्नाचा वास लागला होता, ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्या. ताप काय, तपासण्या काय, आणि गेल्या. आल्हादची बहीण निहारिका, तिचा साखरपुडा नुकताच झाला होता. कोपऱ्यातला खण रिकामा राहिला. आल्हादने त्यावर सिनेमाचं नाव काही चिकटवलं नाही.

यापुढचं घरातलं सगळं मला नंतर कळलं, कारण आता मी त्याच घरात असतो.

भय्यासाहेब रिटायर झाले. दुपार खायला उठायची. निहारिकाच्या साखरपुड्याच्या वेळी त्यांनी जुना व्हीसीआर घेतला होता आणि समारंभाची कॅसेट काढून घेतली होती. वासंतीबाई हलताना, बोलताना दिसतात अशी जगात ती एकच गोष्ट. तिच्यात त्या आल्हादला वाढतायत आणि म्हणतायत, "कॅमेऱ्याकडे नको बघूस रे, ताटाकडे बघ. अळूचं गार होतंय." दुपारी अक्का झोपली की भय्यासाहेब ते बघायचे. पण एकच कॅसेट किती बघणार? मग त्यांनी श्रीपादला पुढे करून त्याच्या नावावर माझी मेंबरशिप घेतली.

हो, ज्याला ते डब्याचं कपाट म्हणाले होते, त्याचीच. सकाळी फिरायला जायच्या निमित्ताने यायचे, माकडटोपी कानांवर ओढून, हातात भाजीची पिशवी. इकडे बघ, तिकडे बघ, झटकन दार उघड. चोरसुद्धा इतका घाबरून दार उघडत नाही.

आल्हादने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. श्रीपादच्या बिल्ल्यावर गेलेली प्रत्येक कॅसेट परत यायची ती नीट मागे फिरवलेली, फडक्याने पुसलेली, आणि खोक्यात कापराची वडी. बुरशी लागू नये म्हणून. भय्यासाहेब सगळ्यात कापूर ठेवतात. स्वेटरात, पासबुकात, व्हीसीआरच्या खाली.

आल्हादने एवढंच केलं, की त्या कोपऱ्यातल्या बिननावाच्या खणात आईला आवडायचे तसले जुने, काळेपांढरे सिनेमे ठेवायला सुरुवात केली. भय्यासाहेब तेवढाच खण उघडायचे. बिननावाच्या खणात नेमका आपल्याला हवा तो सिनेमा कसा असतो, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कॅसेट जायची, बिल्ला यायचा, कापूर यायचा. बाप-लेकाचं एवढंच बोलणं उरलं होतं आणि ते माझ्या पोटातून चालायचं. मला वाटायचं, चालू दे. एक दिवस हा माणूस टोपी काढून येईल.

टोपी काढून येण्याऐवजी त्याने अक्कापासून लपवायला डोकं लढवलं. घरात गुमटीवरची कॅसेट दिसली तर बहीण काय म्हणेल? म्हणून भाड्याची कॅसेट साखरपुड्याच्या खोक्यात घालून शेल्फवर ठेवायची, आणि साखरपुड्याची सिनेमाच्या खोक्यात घालून कपड्यांच्या मागे. नाव आमच्याकडे फक्त खोक्यावर असायचं; कॅसेटवर चिकटवलेला कागद उन्हाने सुटून मशीनमध्ये अडकतो. साठीला टेकलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस, पोरं सिगारेट लपवतात तशी बायकोची कॅसेट लपवत होता.

एका सकाळी अक्का लवकर उठली. भय्यासाहेब घाईत निघाले. कपड्यांमागचं सिनेमाचं खोकं पिशवीत टाकलं, तसंच आणून माझ्या कोपऱ्यातल्या खणात ठेवलं, बिल्ला घेतला आणि गेले. आतली कॅसेट बदलायची राहिली. मी तिला पोटात धरून होतो. मला काय माहीत? मला कापराचा वास आला, रोजच्यासारखा.

आल्हादला त्या दिवशी नवा सिनेमा भरायला कॅसेट कमी पडत होती. गुमटीत दोन मशीनं जोडून तो एकावरून दुसऱ्यावर उतरवायचा. कोपऱ्यातल्या खणातला जुना सिनेमा घासून गेला होता, त्यावरच नवा घेतला. बाकी सगळ्यांच्या कॅसेटी तो आधी लावून बघायचा. साबणवाल्याने त्याला ती अक्कल शिकवली होती. फक्त कापराच्या वासाची कॅसेट तो कधी तपासत नसे. तेवढा एकच मेंबर होता ज्याच्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

आणि एक सांगतो. कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती तोडली की त्यावर सहजी दुसरं काही भरता येत नाही. साखरपुड्याच्या दिवशी व्हिडिओवाला ती तोडायला निघाला होता. भय्यासाहेबांनी थांबवलं, "राहू द्या, राहू द्या. उरलेल्यावर लग्नाचं होईल." काटकसर!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भय्यासाहेब आले. टोपी नाही, पिशवी नाही, स्कूटर नाही. नानाखेड्याहून पायी. विलास माझ्यासमोर दारं वाचत उभा होता, आणखी चारजण होते.

"आल्हाद."

आल्हादने वर पाहिलं. इतक्या काळानंतर त्या तोंडून आपलं नाव.

"मी... तुझा मेंबर आहे," भय्यासाहेब म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"काल मी जी ठेवली, तिच्यात तुझी आई होती."

आल्हादने माझं एक दार उघडलं, नव्या सिनेमाचं, आणि कॅसेट काढून गुमटीतल्या टीव्हीला लावली. पडद्यावर कुणीतरी लाल शर्टात नाचत आलं. नवा सिनेमा म्हणून गर्दी जमली. विलास मागून म्हणाला, "वा! प्रिंट एकदम साफ आहे!"

आल्हादने कॅसेट पुढे पळवली. नाच, मारामारी, लग्न, मारामारी. सिनेमा संपला आणि त्याखालचं थोडं उरलेलं दिसलं. मांडव, रिकाम्या पंगती. बाप-लेक दोघंही पडद्याकडे वाकले. वासंतीबाई नव्हत्या. भय्यासाहेब होते. मांडववाल्याला सुनावत होते, "सतरंजीवरचा डाग आमचा नाही. आधीचाच आहे. आम्ही तसली माणसं नव्हेत." बाई गेल्या होत्या आणि एवढं वाचलं होतं.

आल्हाद अगदी हळू म्हणाला, "आई इथे समोरून यायची, बाबा. दिवसाउजेडी. तुम्हीही तसेच आला असतात तर मी खोकं तुमच्या हातातून घेतलं असतं. उघडून बघितलं असतं."

भय्यासाहेबांनी खिशातून बिल्ला काढला, माझ्यावर ठेवला आणि निघून गेले. त्यांना तेवढंच जमतं.

पुढे केबल आली. घरबसल्या सिनेमा, चावी नको, बिल्ला नको. गुमटी उठली. आल्हाद इंदूरला केबलच्या वायरी ओढतो. मी नानाखेड्यात, मागच्या पडवीत असतो. वरच्या खणांत वर्तमानपत्रं, मधल्यांत अक्काची औषधं. कोपऱ्यातला खण भय्यासाहेब रिकामा ठेवतात आणि त्यात कापूर घालतात. कापूर कशाला, ते त्यांना कुणी विचारत नाही. घरात अजून तीच पद्धत आहे.

तुमच्या घरी असली एखादी कॅसेट असेल, तर एवढं करा. आज, आत्ता, ती कडेची पट्टी मोडून टाका. घरातले मोठे म्हणतील, राहू दे, पुढे उपयोगी पडेल. ऐकू नका त्यांचं.

आल्हाद दिवाळीला आला होता. पडवीत माझ्यासमोर उकिडवा बसला, कोपऱ्यातलं दार उघडलं, मिटलं. निहारिका माहेरपणाला आली होती, ती चहा घेऊन बाहेर आली. त्याने तिला विचारलं, "नीरू, आईचा आवाज जाड होता की बारीक?"

अळूचं गार होतंय, हे शब्द त्याला पाठ आहेत. आवाज आठवत नाही.