सात हजारांची पट्टी

“गाडी घरी ने आता, पोरी. शेवट गोड मानून घे,” टर्बोकाका म्हणाले. त्यांच्या हातात शर्यतीच्या वेळेची चिठ्ठी होती. चारशे मीटरला चौदा सेकंद आणि वर बारा शतांश.

“अजून एक फेरी आहे माझी.”

“हट्ट मात्र थेट बापाचा.”

टर्बोकाका म्हणजे बाबांचे तीस वर्षांचे मित्र आणि तितक्याच वर्षांचे प्रतिस्पर्धी. “टर्बो बसव, आठवड्यात तेरावर येशील,” असं ते दर रविवारी गॅरेजात येऊन सांगत. बाबा हात पुसत म्हणत, “दुसऱ्याने फुंकलेली हवा माझ्या इंजिनाला चालत नाही. ते आपल्या दमावर चालतं.” त्या दमावरच चौदाच्या आत येऊन दाखवीन, असं त्यांनी अख्ख्या मैदानासमोर सांगून टाकलं होतं. लोक पोट धरून हसले. घरची जुनी चार दारांची गाडी ती!

बाबांनी इंजिन पार उघडलं, झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, नवा घातला, हवेच्या वाटा स्वतः घासून गुळगुळीत केल्या. इंजिन गाडीत चढलं आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. उरलेलं काम तिने पुरं केलं, त्यांनी शिकवलं होतं तसंच.

ती परत रांगेत आली. समोर इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या आरपीएम मीटरच्या काचेवर, सात हजारांवर, लाल चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता. ती एकोणीस वर्षांची असताना बाबांनी तो लावला होता. “काटा पट्टीला लागला की गिअर. तिथे अक्कल चालवायची नाही.” पहिल्या फेरीत तिने तेच केलं होतं. जमिनीचे नकाशे काढून पोट भरणारी बाई ती. रेघ म्हणजे रेघ.

पण पट्टीपाशी इंजिन दमलेलं नव्हतं. जुनं इंजिन सातला घसा बसल्यासारखं व्हायचं. हे तर तिथे कुठे गायला लागत होतं.

पट्टी जुन्या इंजिनाची होती. बाबांची हलवायची राहून गेली होती.

तिने काच खाली केली. “काका, नवा कॅम कुठपर्यंत ओढतो, बाबा काही बोलले होते?”

“मला? मेला असता पण सांगितलं नसतं!” बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मग खाकरून म्हणाले, “पिस्टन आणि बोल्ट मात्र आठ हजार झेपतील असेच घेतले त्याने. दुकानात मी बरोबर होतो. का गं?”

“काही नाही. बाजूला व्हा.”

अंदाज चुकला तर इंजिन फुटणार होतं, आणि दुसरं बांधून देणारा माणूस आता नव्हता.

हिरवा दिवा लागला. काटा पट्टीवर आला, हात सवयीने गिअरकडे गेला. तिने तो तिथेच थांबवला. आवाज चढत राहिला, पाठ सीटमध्ये रुतत राहिली. सात हजार सहाशेला आवाज केसभर सपाट झाला आणि तिने गिअर टाकला. पुढचे गिअर टाकताना तिने मीटरकडे पाहिलंच नाही.

टर्बोकाकांनी चिठ्ठी चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली.

“तेरा चौऱ्याण्णव.” त्यांनी टपावर थाप मारली. “जिंकला लेकाचा! आता रविवारी मी कुणाचं डोकं खायचं?”

“या की गॅरेजात. मी असते.”

“तू टर्बो लावशील?”

“छे!”

ते हसले. आत वाकून त्यांनी काचेवरच्या पट्टीला नख लावलं. “ही आता कशाला मग?”

“थांबा, काका. मी करते.”

तिने पट्टी हलकेच सोडवली आणि सात हजार सहाशेवर लावली. जुना डिंक धरेना. ती अंगठा दाबून बसून राहिली. समोर इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. सात हजारांवर, पट्टीच्या रुंदीएवढी, काच अगदी नवी होती.