रेघा वाचणारं यंत्र

‘टुँक!’ यंत्र वाजलं आणि चर्चमागच्या पटांगणातली गर्दी गुडघ्यांवर आली. पडद्यावर अक्षरं उमटली होती: ‘फुप्फुसं शुद्ध.’

धर्मोपदेशक भाऊ सातुर्निनोनं पिस्तुलासारखं ते यंत्र उंचावलं. “दुकानदार पुड्यावरच्या रेघा वाचून किंमत सांगतो. मी तुमच्या छातीवर आशीर्वादाच्या रेघा चिकटवतो, आणि देव त्यातून तुमचं रक्त वाचतो! डॉक्टर सुया टोचतात, आमचा देव नुसता उजेड टाकतो!”

“आमेन!”

झुनिल्दा ओवेलार कडेला उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा धाकटा भाऊ क्रिस्पीन याच पटांगणात ‘बरा’ झाला होता. त्यानं इन्शुलिन सोडलं, आणि गेल्या आठवड्यात त्याला मातीत ठेवून ती घरी परतली. तेव्हापासून तिला काही वाटतच नव्हतं. कुणी तेरेरेचा, त्या थंडगार पाल्याच्या पेयाचा, पेला पुढे केला की ती प्यायची. गार आहे की कोमट, कळायचं नाही.

शेजारीण तेओदोसिया आपल्या मिर्ताला पुढे ढकलत होती. पोरीला तोच साखरेचा आजार.

“तेओदोसिया, थांब.”

“अडवू नका, बाई. रोज लेकराला सुई टोचताना माझा जीव तुटतो.”

झुनिल्दा थेट टेबलापाशी गेली. पिशवीतून तिनं एक सदरा काढला. छातीवर लेबल तसंच होतं.

“आधी हा वाचा.”

“आजारी माणूस कुठंय?” सातुर्निनोनं विचारलं.

“येऊ शकत नाही. देवाला अंतर कसलं?” असं म्हणत तिनं यंत्र स्वतःच उचललं.

टुँक. ‘साखर संपली. इंजेक्शन थांबव.’

“आमेन!” मागून दोघं-चौघं ओरडले. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “अगं बाई, हा तर क्रिस्पीनचा सदरा!”

पुढची माणसं दोन पावलं मागे सरकली.

झुनिल्दा वर्गात बोलावं तशी बोलली. “पुड्यावरच्या रेघांत नुसते आकडे असतात. या रेघांची जात वेगळी, यांत अक्षरंही मावतात. संगणकावर लेबलाच्या प्रोग्राममध्ये जात निवडायची, वाक्य लिहायचं, छापायचं. यंत्र तेच वाक्य परत सांगतं.”

“हिच्या तोंडून सैतान बोलतोय!” सातुर्निनो किंचाळला.

तिनं ढिगातलं एक लेबल उचलून तेओदोसियाच्या टोपलीतल्या मँडिओकाच्या कंदावर चिकटवलं. टुँक. ‘गर्भाशय निरोगी.’ कुणीतरी फिस्सकन हसलं.

“रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, म्हणजे सुरुवात कुठली ते यंत्राला कळतं.” तिनं पेनानं ती जागा काळी केली आणि यंत्र पुन्हा धरलं. आवाज आला नाही. “झाला का देव मुका?”

सातुर्निनो शिव्या घालत लेबलं गोळा करू लागला. काहीजण तरीही रांगेतून हलले नाहीत.

तेओदोसिया रडत होती. “क्रिस्पीनच्या वेळी मीही आमेन म्हणाले होते, बाई.”

झुनिल्दाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं मिर्ताचा हात धरला. “आमेन खुशाल म्हण. पोरीचं औषध मात्र थांबवू नकोस. चल दवाखान्यात.”

तिथे नर्सनं मिर्ताच्या बोटाला सुई टोचली. पोरीनं तोंड वाकडं केलं.

रक्तातली साखर कळायची तर रक्ताचा थेंब द्यावा लागतो. कुणी थेंबाशिवाय सांगत असेल, तर गुडघे टेकण्याआधी एवढंच विचारा: तुझं यंत्र वाचतंय काय, माझं अंग की तुझा कागद?